ट्रान्समिशन लाइनचं उत्तर जुळत नाही? चुकलेला आकडा खोडू नका

माझ्याकडे कराडला शनिवार-रविवार इलेक्ट्रिकलची मुलं येतात. सबमिशन उरकून परीक्षा तोंडावर आली की दर वर्षी तीच तक्रार: "मॅडम, फॉर्म्युला बरोबर आहे, आकडेही बरोबर टाकलेत, तरी उत्तर जुळेना." दहातल्या आठ वेळा ते न्यूमरिकल ट्रान्समिशन लाइनचं असतं.

गेल्या रविवारी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने वही पुढे ठेवली. पानावर एकच न्यूमरिकल, तीनदा सोडवलेलं आणि दोनदा खोडलेलं. रबराने घासून घासून कागद पातळ झाला होता. पण त्याला पेन्सिल दाबून लिहायची सवय आहे. पान ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं तर खोडलेल्या आकड्यांचे वळ दिसले: वर १४५.४, त्याखाली १२५.४, आणि शेवटी अजून न खोडलेलं १५५.२. पुस्तकातलं उत्तर होतं १५६.८ किलोव्होल्ट.

वरची एकही ओळ न वाचता त्याच्या तिन्ही चुका कळल्या, कारण आकडेच सांगत होते. आणि वाईट याचं वाटलं की पोरगं प्रत्येक वेळी आधीची चूक खरोखर दुरुस्त करत होतं. पण आधीचं पान पुसून टाकल्यामुळे आपण काय दुरुस्त केलं हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मी काही वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आहेत. लाइन ट्रिप झाली, म्हणजे फॉल्टमुळे आपोआप बंद पडली, की तिथे पहिला प्रश्न असतो, "किती किलोमीटर?" डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागतो, इम्पिडन्स काढतो आणि त्यावरून फॉल्ट साधारण कुठे आहे ते दाखवतो. पेट्रोलिंगची माणसं मग त्या टॉवरच्या आसपास जातात. पहिल्या टॉवरपासून चालत सुटत नाहीत. वहीतल्या चुकीलाही असंच शोधता येतं. सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा मांडणं हा सगळ्यात लांबचा रस्ता आहे, शिवाय त्यात नवी चूक करायची संधी मिळते.

म्हणून खाली एकच न्यूमरिकल घेते आणि कुठे चुकलं की कुठला आकडा येतो ते दाखवते.

आधी बरोबर उत्तर

तीन फेज, ५० हर्ट्झ, १३२ केव्हीची (किलोव्होल्ट) १५० किलोमीटर लाइन. दर किलोमीटरला रेझिस्टन्स ०.१५ ओहम, रिअॅक्टन्स ०.४ ओहम, शंट अॅडमिटन्स २.८ मायक्रोसीमेन्स. रिसीव्हिंग एंडला, म्हणजे वीज घेणाऱ्या टोकाला, १३२ केव्हीवर ५० मेगावॅट, पॉवर फॅक्टर ०.८ लॅगिंग (करंट व्होल्टेजच्या मागे). सेंडिंग एंडचं (पाठवणाऱ्या टोकाचं) व्होल्टेज, रेग्युलेशन (लोड काढल्यावर रिसीव्हिंगचं व्होल्टेज किती टक्के चढतं) आणि एफिशियन्सी काढा. पद्धत नॉमिनल पाय, म्हणजे लाइनचा अॅडमिटन्स अर्धा-अर्धा दोन टोकांना धरायचा.

पूर्ण लाइनचा इम्पिडन्स झेड = २२.५ + जे६० ओहम (जे म्हणजे कॉम्प्लेक्स संख्येतल्या काल्पनिक भागाची खूण).
पूर्ण लाइनचा अॅडमिटन्स वाय = जे४२० मायक्रोसीमेन्स.
सेंडिंग आणि रिसीव्हिंगचे व्होल्टेज-करंट जोडणारे चार गुणक म्हणजे ए, बी, सी, डी:
ए = डी = १ + (झेड × वाय ÷ २) = ०.९८७४ + जे०.००४७
बी = झेड
सी = वाय × (१ + झेड × वाय ÷ ४), म्हणजे जवळजवळ जे४१७ मायक्रोसीमेन्स.

रिसीव्हिंग एंडचं फेज व्होल्टेज १३२ ÷ √३ = ७६.२१ केव्ही, याचा कोन शून्य धरला. करंट २७३.४ अँपिअर, कोन उणे ३६.८७ अंश, म्हणजे २१८.७ − जे१६४.०.

ए गुणिले व्होल्टेज : ७५,२५० + जे३६०
बी गुणिले करंट : १४,७६२ + जे९,४३१
बेरीज : ९०,०१२ + जे९,७९१, म्हणजे ९०,५४२ व्होल्ट, कोन ६.२ अंश.

हे फेजचं. √३ ने गुणून लाइनचं १५६.८ केव्ही.

सेंडिंग एंडचा करंट याच रीतीने २५२.२ अँपिअर येतो, कोन उणे ३०.८ अंश. इथे बरीच मुलं थबकतात. पाठवणाऱ्या टोकाला करंट कमी आणि घेणाऱ्या टोकाला जास्त, हे कसं? चूक समजून परत सुरुवात करू नका, हे बरोबर आहे. लोड लॅगिंग आहे आणि त्याला लागणाऱ्या रिअॅक्टिव्ह करंटचा काही भाग लाइनचा स्वतःचा कॅपॅसिटन्स वाटेतच पुरवतो. तेवढा सेंडिंग एंडकडून यावा लागत नाही.

१४५.४ : लाइन की फेज

हा त्या मुलाचा पहिला आकडा, आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारा. प्रश्नात १३२ केव्ही लिहिलंय, म्हणून त्याने व्होल्टेजच्या जागी थेट १,३२,००० टाकलं. करंट मात्र बरोबर २७३.४ घेतला. म्हणजे दोन तारांमधल्या व्होल्टेजमध्ये एका तारेतली घट मिळवली. या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. त्यांची बेरीज कॅल्क्युलेटर करून देतो, तक्रार करत नाही.

यातच कोणी शेवटी सवयीने √३ ने गुणलं तर २५१.९ येतं. तो आकडा इतका भलता असतो की निदान शंका तरी येते. १४५.४ ची शंका येत नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

उपाय एकच आहे आणि तो पाठांतराचा नाही. प्रश्न वाचताना, काहीही सोडवायच्या आधी, पानाच्या वरच्या कोपऱ्यात दोन आकडे शेजारी शेजारी लिहा: लाइन १३२, फेज ७६.२१. पुढचं सगळं गणित दुसऱ्या आकड्याने करायचं, फक्त उत्तर लिहिताना पहिल्या जातीत परतायचं. आमच्याकडे टेस्टिंगमध्ये पीटीच्या (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरच्या) सेकंडरीला ११० व्होल्ट म्हणजे दोन फेजमध्ये आणि ६३.५ म्हणजे फेज-न्यूट्रल, हे इतकं अंगात मुरलेलं असायचं की मीटरवरचा आकडा दिसला की प्रोब कुठे लावलेत ते कळायचं. तुमच्या डोळ्यांनाही तशी सवय लागली पाहिजे. १३२ ला ७६.२, २२० ला १२७, ४०० ला २३१.

करंटचीही पडताळणी आधीच करून टाका. १३२ केव्हीवर १ एमव्हीए म्हणजे ४.३७ अँपिअर. ५० मेगावॅट ०.८ ला म्हणजे ६२.५ एमव्हीए. गुणाकार २७३. तुमचा करंट ४७३ आला असेल तर √३ विसरलात. ८२० आला असेल तर तिन्ही फेजची पॉवर एका फेजच्या व्होल्टेजने भागलीत. २२० केव्हीला हाच आकडा २.६२ आणि ४०० ला १.४४. हे तीन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

याच चुकीचं धाकटं भावंड एफिशियन्सीत सापडतं. कोणाची एफिशियन्सी ९१.४ ऐवजी ९७ टक्क्यांच्या आसपास आली की लॉस एकाच फेजचा धरलाय हे नक्की. ४.७१ मेगावॅटच्या जागी १.५७ असतो.

१२५.४ : वजा चिन्ह कुठे गेलं

दुसऱ्या खेपेला त्याने फेज व्होल्टेज बरोबर घेतलं. पण करंट लिहिताना ३६.८७ अंशाच्या आधीचं उणे चिन्ह गळलं. म्हणजे लॅगिंग लोड लीडिंग झाला. सेंडिंग एंडचं व्होल्टेज १२५.४ आलं, रिसीव्हिंगच्या १३२ पेक्षा कमी!

तो आकडा दिसताक्षणी थांबायला हवं होतं. इंडक्टिव्ह लाइन, लॅगिंग लोड, आणि तरी शेवटच्या टोकाला व्होल्टेज वाढलेलं? लोड लीडिंग असेल किंवा लाइन लांब आणि फारच हलका भार असेल तर तसं होऊ शकतं. इथे ५० मेगावॅट लॅगिंग आहे. म्हणून उत्तर १३२ च्या वरच यायला हवं, हे कॅल्क्युलेटर हातात घ्यायच्या आधीच माहीत असतं.

पण व्होल्टेज कमी आलं म्हणजे दर वेळी चिन्हच चुकलं असं नाही. ११९.८ आलं असेल तर चिन्ह बरोबर आहे, कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे. इम्पिडन्स २२.५ + जे६० असाच टाकला आणि फक्त करंटचा कोन पोलरमध्ये दिला, तर कॅल्क्युलेटर उणे ३६.८७ ला रेडियन समजतो. इतक्या रेडियनमध्ये पाच पूर्ण फेरे होऊन वर काही उरतं, आणि हिशेब केला तर ती दिशा अधिक ४७.५ अंशाची निघते. म्हणजे लीडिंगच, तेही भलत्याच पॉवर फॅक्टरचं. गेल्या वर्षी एका मुलीने प्रॅक्टिकलसाठी कॅल्क्युलेटर मैत्रिणीला दिला होता. तो परत आला तो रेडियनमध्ये, आणि तिचं सगळं जर्नल चुकलं. पेपर हातात आला की आधी ६० चा कोसाइन दाबा. ०.५ आला की पुढे जा. दोन सेकंदांचं काम आहे.

१५५.२ : ही चूक सगळ्यात वाईट

आता तिसरा आकडा. १५६.८ च्या जागी १५५.२. फरक एक टक्का. मुलगा म्हणाला, "मॅडम, राउंडिंगमुळे असेल ना?" मी म्हटलं, नाही. चार अंकांपर्यंत गणित केलंस तर राउंडिंगने दीड किलोव्होल्ट जात नाहीत. एक टक्क्याची चूक राउंडिंगच्या नावावर खपवायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. पुढे नोकरीत रिले सेटिंगचा हिशेब करायला बसाल तेव्हा हीच सवय नडेल.

झालं असं की नॉमिनल पायमध्ये अर्धा अॅडमिटन्स या टोकाला आणि अर्धा त्या टोकाला असतो. त्याने आकृती बरोबर काढली होती, दोन्ही कॅपॅसिटर दाखवले होते. पण ए काढताना दोनने भागायचं राहिलं. एक अधिक झेड-वाय-छेद-दोनच्या जागी एक अधिक झेड-वाय. ए आला ०.९७४८.

आकारावरून ही चूक ओळखू येत नाही. व्होल्टेज १३२ च्या वर आहे, कोन ठीक आहे, सगळं बरोबर दिसतं. इथे एकच गोष्ट कामाला येते: ए × डी − बी × सी = १. लाइन म्हणजे दोन टोकांचं पॅसिव्ह नेटवर्क, त्यामुळे हे झालंच पाहिजे. त्याला हे करायला सांगितलं. ०.९७५ च्या आसपास आलं. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग पहिल्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "वाय पूर्ण घेतलाय." त्याने स्वतः शोधलं, आणि पान खोडलं नाही.

पण या पडताळणीलाही एक आंधळी जागा आहे आणि ती बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. नॉमिनल टी (सगळा अॅडमिटन्स लाइनच्या मधोमध धरायची पद्धत) आणि नॉमिनल पाय यांची सरमिसळ ती पकडत नाही. दोन्हीत ए आणि डी सारखेच. पायमध्ये बी नुसता झेड असतो आणि कंस सी ला येतो. टी मध्ये सी नुसता वाय असतो आणि कंस बी ला. कोणी बी पायमधला आणि सी टी मधला घेतला तर आपल्या लाइनला ए-डी वजा बी-सी येतं १.०००१. वाटतं, झालं बरोबर. म्हणून मुलांना सांगते की आकृती काढा आणि सूत्र पाठ म्हणण्याऐवजी आकृतीवरून करंट मांडा. रिसीव्हिंग टोकाच्या कॅपॅसिटरचा करंट, तो लोडच्या करंटमध्ये मिळवला की मधल्या इम्पिडन्सचा करंट, तिथली घट, मग सेंडिंग टोकाचा कॅपॅसिटर. चार पायऱ्या. ए-बी-सी-डी विसरलात तरी चालेल.

या चार पायऱ्यांचा आणखी एक फायदा म्हणजे लॉसची स्वतंत्र पडताळणी. आपल्या न्यूमरिकलमध्ये रिसीव्हिंग टोकाचा कॅपॅसिटर १६ अँपिअर लीडिंग घेतो. तो मिळवल्यावर मधल्या इम्पिडन्सचा करंट २१८.७ − जे१४८.०, म्हणजे २६४.१ अँपिअर. याचा वर्ग गुणिले २२.५ गुणिले ३ = ४.७१ मेगावॅट. आता दुसऱ्या बाजूने या. सेंडिंग टोकाला व्होल्टेजचा कोन अधिक ६.२, करंटचा उणे ३०.८, मधलं अंतर ३७ अंश, पॉवर फॅक्टर ०.७९९, पॉवर ५४.७१ मेगावॅट. त्यातून ५० वजा केले की ४.७१. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की शांतपणे खाली डबल लाइन मारा. एफिशियन्सी ९१.४ टक्के.

रेग्युलेशन १८.८ आलं तर

बरोबर उत्तर २०.३ टक्के. १८.८ येतं ते सेंडिंगच्या व्होल्टेजमधून रिसीव्हिंगचं थेट वजा केल्यावर. शॉर्ट लाइनला ते चालतं, कारण तिथे लोड काढला की दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज असतं. मीडियम लाइनला कॅपॅसिटन्स आहे. लोड काढल्यावर रिसीव्हिंगला सेंडिंगचं व्होल्टेज भागिले ए एवढं येतं, म्हणजे ९०,५४२ ÷ ०.९८७४ = ९१,६९७. रेग्युलेशन त्यावरून काढायचं. एवढंच.

लांब लाइन, आणि उलटा सापळा

साधारण २५० किलोमीटरच्या पुढे हायपरबोलिक फंक्शन्स येतात आणि इथे माझाच वरचा सल्ला तुमच्यावर उलटतो. आतापर्यंत डिग्री मोड हवा होता. आता रेडियन हवा.

बहुतेक कॅल्क्युलेटर कॉम्प्लेक्स संख्येचा कॉश थेट देत नाहीत, म्हणून झेड × वाय चं वर्गमूळ अल्फा + जे बीटा असं लिहून तो फोडावा लागतो: कॉश अल्फा गुणिले कोसाइन बीटा, अधिक जे साइनश अल्फा गुणिले साइन बीटा. यातला बीटा निघतो तो रेडियनमध्ये. एक ४०० केव्हीची, ४०० किलोमीटरची लाइन घ्या. दर किलोमीटरला ०.०३ + जे०.३३ ओहम आणि ३.५ मायक्रोसीमेन्स. पूर्ण लाइनला अल्फा ०.०१९५ आणि बीटा ०.४३०. बीटा रेडियन धरला तर कोसाइन ०.९०९. डिग्री मोडमध्ये हाच कोसाइन ०.९९९९७ येतो, जणू लाइन नाहीच.

याची किंमत किती ते पाहा. सेंडिंगला ४०० केव्ही ठेवून दूरचं टोक उघडं सोडलं तर बरोबर हिशेबाने तिथे ४०० ÷ ०.९०९ = ४४० केव्ही होतात. हाच फेरांटी परिणाम. १८९० च्या सुमारास लंडनजवळच्या डेप्टफर्डहून शहरात १० केव्हीची केबल टाकली होती, तिच्यावर तो ठळकपणे दिसला आणि ती उभारणाऱ्या फेरांटींचं नाव त्याला मिळालं. ४०० केव्हीच्या सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मरसारखे दिसणारे पण आउटगोइंग नसलेले शंट रिअॅक्टर उभे असतात, ते हे चढलेलं व्होल्टेज खाली ठेवण्यासाठी. डिग्री मोडवाल्याच्या वहीत मात्र ४०० चे ४०० च राहतात, आणि रिअॅक्टर कशाला लागतो हे त्याला कधीच कळत नाही.

इथे चटकन तपासायचं असेल तर एक ठोकताळा ठेवा. ५० हर्ट्झला लाटेची लांबी ६,००० किलोमीटर, म्हणजे दर १०० किलोमीटरला ६ अंश. ४०० किलोमीटरला २४. आपला बीटा ०.४३० रेडियन म्हणजे २४.७ अंश. खऱ्या लाइनवर लाट प्रकाशापेक्षा किंचित हळू जाते, म्हणून थोडा जास्त. तुमचा बीटा ८ किंवा ८० अंश आला असेल तर पुढचं काही करू नका, मागे या.

ही हायपरबोलिक गणितं हाताने करणं किती जिकिरीचं होतं याचा अंदाज आपल्याला येत नाही. अमेरिकेत ईडिथ क्लार्क या बाईंनी खास याच कामासाठी एक आलेखी कॅल्क्युलेटर तयार केला. १९२१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९२५ मध्ये ते मिळालं. लांब लाइनची हायपरबोलिक समीकरणं त्याच्यावर झटपट सुटत. मुलींना हे मी आवर्जून सांगते.

गडबड त्याच्याही आधीची असेल तर

काही वेळा प्रश्नात रिअॅक्टन्स दिलेला नसतो. तारांची अंतरं आणि जाडी दिलेली असते आणि तिथेच पहिलं पाऊल घसरतं. वरची १३२ केव्हीची लाइन अशी समजा: तीन तारा एका पातळीत, शेजारच्या दोन तारांत ४ मीटर, टोकाच्या दोघींत ८ मीटर, तारेची त्रिज्या १ सेंटिमीटर. समतुल्य अंतर ४ × ४ × ८ चं घनमूळ, ५.०४ मीटर. इंडक्टन्ससाठी त्रिज्या ०.७७८८ ने गुणायची. रिअॅक्टन्स येतो ०.४०७ ओहम प्रति किलोमीटर. कॅपॅसिटन्ससाठी त्रिज्या तशीच ठेवायची, ८.९४ नॅनोफॅरड, म्हणजे २.८१ मायक्रोसीमेन्स. वरच्या न्यूमरिकलमधले ०.४ आणि २.८ हेच, थोडे गोल केलेले.

इथल्या चुकांची खूण फार स्वच्छ असते, कारण लॉगरिदममध्ये गुणाकाराची चूक बेरजेची होते. अंतर कितीही असो, ५० हर्ट्झला ०.७७८८ विसरलात तर रिअॅक्टन्स बरोबर ०.०१५७ ने कमी येतो. त्रिज्येच्या जागी व्यास टाकलात तर ०.०४३६ ने कमी येतो. पुस्तकाच्या उत्तरातून आपलं वजा करा आणि यातला कुठला आकडा उरतो ते बघा. मीटर आणि मिलिमीटरची गल्लत असेल तर फरक ०.४३४, म्हणजे उत्तर दुपटीच्या वर. ओव्हरहेड लाइनचा रिअॅक्टन्स ०.२५ ते ०.४५ च्या बाहेर गेला तर एककं तपासा.

पुस्तकात उत्तर नसेल तर? मग मला अतिशय आवडणारी एक पडताळणी आहे. दर मीटर लांबीचा इंडक्टन्स आणि दर मीटर लांबीचा कॅपॅसिटन्स यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. लाइनवरून लाट किती वेगाने जाते ते मिळतं. आपल्या लाइनला सेकंदाला २.९४ लाख किलोमीटर. प्रकाशापेक्षा जरा कमी, अगदी असायला हवं तसं. इंडक्टन्समध्ये व्यास आणि कॅपॅसिटन्समध्ये त्रिज्या टाकली तर वेग ३.११ लाख येतो. प्रकाशाच्या पुढे! काहीतरी चुकलंय हे सांगायला कोणाची गरज उरत नाही. ०.७७८८ विसरलात तर बरोबर ३.०० लाख, तेही संशयास्पदच. फक्त दोन्हीकडे व्यास टाकला असेल तर वेग २.९३ येतो आणि चूक निसटते. त्यासाठी प्रश्नातल्या "व्यास" या शब्दाखाली पेनने रेघ मारण्याला पर्याय नाही.

पुस्तकच वेगळं बोलत असेल तर

सगळं तपासलं, ए-डी वजा बी-सी एक आलं, लॉस दोन्ही वाटांनी जुळला, आणि तरी मागच्या पानावर १५८.४ छापलंय. अशा वेळी मुलं बरोबर असलेलं उत्तर खोडतात. थांबा. तोही आकडा वाचा. कॅपॅसिटन्स अजिबात न धरता, शॉर्ट लाइन समजून हेच न्यूमरिकल केलं तर सेंडिंगचं व्होल्टेज १५८.४, रेग्युलेशन २० टक्के आणि एफिशियन्सी ९०.८ येते. म्हणजे उत्तर काढणाऱ्याने कॅपॅसिटन्स सोडून दिलाय. पेपरमध्ये तुम्ही कुठली पद्धत घेतली ते पहिल्या ओळीत लिहा, "नॉमिनल पाय पद्धतीने" एवढे शब्द पुरतात. तपासणाऱ्याला पुढचं कळतं.

त्या मुलाने निघताना तिन्ही आकडे मार्जिनमध्ये पेनने लिहून घेतले. १४५.४ च्या पुढे "फेज", १२५.४ च्या पुढे "उणे", १५५.२ च्या पुढे "अर्धा वाय". मग पुढचं न्यूमरिकल काढलं, २२० केव्हीचं, आणि पहिल्यांदा कोपऱ्यात १२७ लिहिलं.